धुळाक्षरे : मंदसौर ते लडाख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी माझा हात हाती धरून पाटीवर 'श्री' काढविला, त्याला आता सत्तर वर्षे होत आली. जन्मभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाने या व्याख्यानासाठी 'धूळ' हा विषय सांगितला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. संतसाहित्यातील चरणरजाविषयी मी बोलेन असे त्यांना वाटले असावे. आज मला बोलावयाचे आहे ते माणसाच्या छातीत जाऊन बसणाऱ्या धुळीविषयी आणि तिचा शोध घेणाऱ्या काही वैद्यकीय संशोधकांविषयी. मात्र या विषयाकडे मी आलो तो भाषेच्याच वाटेने, आणि ती वाट या शाळेच्या पहिल्या इयत्तेतून निघते.

'धुळाक्षरे' हा आपल्या भाषेतील एक जुना शब्द आहे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरीत आणि तीवर बोटाने अथवा काडीने मुले अक्षरे गिरवीत. ती धूळपाटी, आणि तीवरची अक्षरे ती धुळाक्षरे. फळी हलविली की लिहिलेले पुसले जाई आणि पुन्हा नवा आरंभ होई. एखाद्या विद्येशी नुकताच परिचय झाला असेल तर 'अद्याप धुळाक्षरेच चालली आहेत' असे आपण म्हणतो, ते यावरूनच. पुढे दगडी पाटी आली, तिच्यासोबत दगडी पेन्सिल आली, आणि शाळेतली धूळ संपली असे सर्वांना वाटले. वस्तुतः ती संपली नव्हती. आमच्या पाटीपासून दोनशे किलोमीटरांवर, मंदसौरच्या कारखान्यांत ती इतरांच्या छातीत साठत होती. आम्ही मात्र ती पेन्सिल निर्धास्तपणे पाटीवर ओढीत होतो आणि गुरुजींचे लक्ष नसेल तेव्हा तिचा तुकडा चघळीतही होतो.

जुने ज्ञान, जुनेच अज्ञान

दगडाची धूळ माणसाला मारते, हे ज्ञान नवे नाही. जर्मन पंडित अग्रिकोला याचा खाणकामावरील प्रसिद्ध ग्रंथ १५५६ साली निघाला. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात एकेका स्त्रीला सात-सात नवरे करावे लागले, कारण धुळीने फुप्फुसे सडून ते एकामागून एक अकाली मेले, अशी नोंद त्यात आहे. इटलीच्या रामाझिनीने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या श्वासविकाराचे वर्णन आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगाला 'सिलिकोसिस' हे नाव मिळाले. १९३० साली जोहान्सबर्ग येथे या एकाच रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपल्या देशात १९४८च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला त्या रोगांच्या यादीत स्थान दिले, ज्यांची खबर सरकारला देणे बंधनकारक आहे. म्हणजे माझ्या पिढीने पाटी हाती घेतली तेव्हा रोगाचे नाव, कारण आणि कायदा, तिन्ही उपलब्ध होती.

रोगाची रीत समजून घेणे अवघड नाही. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनांहून मोठे कण बहुतांशी नाकात आणि घशात अडतात. खोकून, शिंकरून आपण ते बाहेर टाकतो. पाच मायक्रॉनांहून लहान कण मात्र सर्व पहारे चुकवून थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. डोळ्यांना जी धूळ दिसते तिच्यापेक्षा जी दिसत नाही ती अधिक घातक, हा या शास्त्रातील पहिला धडा. वायुकोशांत शरीराच्या भक्षक पेशी या कणांना गिळतात. सामान्य मातीचा कण असेल तर प्रकरण पुष्कळदा तेथेच मिटते. परंतु कण गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा असेल, तर तो पचत नाही. गिळणारी पेशीच मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळावयास येते. या अखंड झटापटीत फुप्फुसात व्रण होतात, व्रणांच्या गाठी होतात, आणि स्पंजासारखा मऊ असलेला तो अवयव हळूहळू चिवट व ताठर होत जातो. काम सोडले तरी रोग थांबेलच असे नाही. त्यातच क्षयाचे जंतू अशा फुप्फुसात सहज घर करतात. त्यामुळे रोगी पुष्कळदा 'टीबीचा' म्हणून औषध घेत राहतो आणि मूळ कारण नोंदलेच जात नाही. झालेली हानी भरून काढणारे औषध आजही नाही. उपाय एकच, धूळ छातीत जाऊ न देणे.

मंदसौरची पेन्सिल

मंदसौर आणि त्याच्या शेजारचे मुलतानपुरा या भागात पाटीवरच्या पेन्सिलींचा मऊ थरांचा दगड निघतो. देशभरच्या शाळांना येथून पेन्सिली जात. दगडाच्या लाद्या विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीखाली धरावयाच्या आणि त्यांच्या कांड्या पाडावयाच्या, असे हे काम. करवत कोरडी चाले आणि कांडीगणिक धुराच्या लोटासारखी धूळ उठे. १९७०च्या दशकात परीक्षेच्या कामासाठी मी मंदसौरला गेलो असता एका परिचितांनी मला असा एक कारखाना दाखविला. आत बसलेल्या माणसांच्या भुवया, मिशा आणि पापण्या पांढुरक्या झाल्या होत्या. पिठाच्या गिरणीतील माणसे दिसावीत तशी. तोंडावर कुणी पंचा गुंडाळला होता, कुणी तेवढेही केले नव्हते. मला तेव्हा त्या दृश्यात थोडी गंमतच वाटली, हे आज कबूल करावयास हवे. शाळेत असताना या पेन्सिली कोठून येतात याचे कुतूहल होते, ते फिटले, एवढ्यावर समाधान मानून मी परतलो. धूळ दिसली आणि तिचा अर्थ लागला नाही.

तो अर्थ लावणारी माणसे याच काळात आपल्या इंदुरात होती. १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ज्याला आपण सारे नुसते 'एम.वाय.' म्हणतो, मंदसौरकडचे असे रोगी येत. तेथील डॉ. एस. एम. जैन, डॉ. जी. सी. सेपाहा, डॉ. के. सी. खरे आणि डॉ. व्ही. एस. दुबे यांनी पेन्सिल-कामगारांच्या सिलिकोसिसचा लक्षणे आणि क्ष-किरण चित्रे यांच्या आधारे अभ्यास केला. १९७७ साली तो 'चेस्ट' या छातीच्या रोगांवरील नामांकित अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंदूरच्या एका सार्वजनिक रुग्णालयातील वैद्यांनी आपल्याच मुलुखातील एका धंद्याची व्यथा जगापुढे मांडली, ही आपल्या शहराच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. होळकरांच्या राजवाड्याविषयी आपण जेवढे बोलतो त्याच्या शतांशाने तरी तिचा उल्लेख होतो काय, याचा विचार आपण करावा.

यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने हे काम हाती घेतले. तेथील डॉ. हबीबुल्ला सय्यद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यांतील हवेतल्या धुळीचे मापन आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी, दोन्ही एकत्र केली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी ५४.६ टक्के लोकांना सिलिकोसिस होता, १७.७ टक्के लोकांत तो गाठी एकमेकींत मिसळून मोठे गोळे होण्याच्या गंभीर अवस्थेला पोहोचला होता. त्याच वर्षी डॉ. सय्यद आणि डॉ. चटर्जी यांनी पाठपुराव्याचा दुसरा निबंध प्रसिद्ध केला. रोग किती झपाट्याने वाढतो, हा त्याचा विषय. पहिल्या तपासणीला आलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या तपासणीपर्यंत उरले नव्हते, आणि ते वार्धक्याने गेले नव्हते.

या अभ्यासांच्याच काळात मध्य प्रदेश शासनाने १९८२ साली पेन्सिल-कामगारांच्या कल्याण निधीचा अधिनियम केला. करवतीपाशीच धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविण्याचे प्रयत्नही झाले. ज्ञानाचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांच्या छातीत ती धूळ आधीच साठली होती, त्यांच्यासाठी तो उपयोग उशिराचा होता.

वारा हाच कारखाना

डॉ. सय्यद यांच्या कामाचा पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. मंदसौरचा रोग त्यांना पुन्हा भेटला तो जेथे एकही कारखाना नाही, खाण नाही, करवत नाही अशा ठिकाणी.

लेहच्या आसपासचा लडाख हा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरचा थंड वाळवंटी प्रदेश. वर्षाकाठी पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. सिंधूच्या खोऱ्यातील बारीक रेती वाऱ्याबरोबर उठते आणि गावांवरून धुळीची वादळे जातात. तेथील काही शेतकऱ्यांच्या छातीची चित्रे खाणकामगारांच्या चित्रांसारखी दिसतात, हे लेहचे डॉ. त्सेरिंग नोर्बू यांच्यासारख्या स्थानिक वैद्यांच्या ध्यानात आले होते. ज्याने आयुष्यात सुरुंगाचा आवाज ऐकला नाही, त्याला खाणीचा रोग कसा झाला?

१९९१ साली या प्रश्नावर दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिला 'थोरॅक्स' या ब्रिटिश नियतकालिकात. त्याचे प्रमुख लेखक डॉ. नोर्बू, आणि सहलेखकांत इंग्लंड-वेल्समधील तज्ज्ञांबरोबर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत. हे डॉ. कामत म्हणजे मुंबईच्या हवेचा तेथील रहिवाशांच्या प्रकृतीशी असलेला संबंध अनेक वर्षे तपासणारे, आणि १९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतर वायुपीडितांच्या फुप्फुसांचा अभ्यास करणारे संशोधक. गिरणगावाच्या शेजारच्या रुग्णालयातील माणूस हिमालयातील खेड्याच्या धुळीपर्यंत पोहोचला, कारण त्याचा विषय स्थळ नव्हता, श्वास होता. हिमालयातील एका ग्रामसमाजात सिलिकोसिस आहे आणि त्यामागे परिसरातील धुळीचा हात आहे, असे या निबंधाने मांडले.

दुसरा निबंध डॉ. सय्यद, डॉ. नोर्बू आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी मध्य लडाखमधील तीन गावे निवडली. एकात धुळीची वादळे नव्हती, दुसऱ्यात सौम्य होती आणि तिसऱ्यात मध्यम. तिन्ही गावांतून यदृच्छेने निवडलेल्या ४४९ लोकांची तपासणी झाली. धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचे प्रमाण पहिल्या गावात २ टक्के, दुसऱ्यात २०.१ टक्के आणि तिसऱ्यात ४५.३ टक्के निघाले. वादळाची पायरी चढावी तशी रोगाची पायरी चढत गेली. वादळातील धुळीत निम्म्याहून अधिक भाग मुक्त सिलिकाचा होता. आणि ग्रामस्थांची क्ष-किरण चित्रे खाणी व कारखान्यांतील कामगारांच्या चित्रांपासून वेगळी ओळखता येत नव्हती.

मंदसौरचे आकडे आठवा. कोरड्या करवतीपाशी बसणाऱ्यांत निम्म्याहून थोडे अधिक. वादळाच्या गावात निम्म्याहून थोडे कमी. दोन्ही ठिकाणी रोग पारखण्याचे आणि लोक निवडण्याचे निकष अगदी सारखे नसतील, म्हणून ही तुलना फार ताणू नये. तरीही ती मनाला चटका लावते.

येथे शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणाही नोंदविला पाहिजे. सारा दोष वाऱ्यावर टाकून ते मोकळे झाले नाहीत. लडाखमधील कडक थंडीत घराच्या खिडक्या-दारे बंद असतात आणि शेण-लाकडांची चूल पेटलेली असते. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरांतील हवेत त्यांना काजळीचे प्रमाण फार मोठे आढळले. रोगाचे प्रमाण वादळांप्रमाणेच धुराडे असण्या-नसण्याशीही जुळत होते. बाहेरून वारा आणि आतून चूल, अशा दोन्ही बाजूंनी त्या छातीवर भार पडत होता. चुलीपाशी सर्वाधिक काळ कोण बसते, हे या सभागृहातील भगिनींना सांगावयास नको.

लडाखचे हे उदाहरण एकाकी नव्हते. सहाराच्या रहिवाशांच्या फुप्फुसांतील सिलिकाविषयी पोलिकार आणि कोले या फ्रेंच संशोधकांनी १९५२ साली लिहिले होते. १९७४ साली नेगेवच्या वाळवंटातील बदाउनी टोळ्यांत हा विकार इस्रायली संशोधकांनी वर्णिला. इतकेच काय, प्राचीन ईजिप्तच्या ममी तपासल्या गेल्या तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या फुप्फुसांतही वाळूचे कण निघाले. पिरॅमिडांच्या सावलीत वाढलेला माणूसही वाळवंटाचा श्वास घेऊनच मेला होता.

धुळीचा मालक कोण?

मी वैद्य नाही. शब्दांचा अर्थ पाहणे हा माझा व्यवसाय. सय्यद-नोर्बू यांच्या निबंधाच्या शीर्षकातील एका शब्दापाशी मी थांबलो. तेथे या रोगाला 'अव्यावसायिक' म्हटले आहे, म्हणजे धंद्यामुळे न झालेला. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही निर्मळ वर्गवारी आहे. परंतु तिच्या मागे एक फार मोठा सामाजिक प्रश्न उभा आहे. सिलिकोसिसविषयीचे कायदे जवळजवळ सर्व 'मालक' या कल्पनेवर उभे आहेत. धूळ कोणाच्या कारखान्यात उडाली, कामगार कोणाच्या हजेरीपटावर होता, भरपाई कोणी द्यावयाची, असे ते विचारतात. वाऱ्याला हजेरीपट नसतो. लडाखच्या त्या वृद्धाने दावा लावावयाचा कोणावर?

येथवर ही अडचण वाळवंटापुरती वाटेल. पण कारखान्याच्या धुळीलाही मालक सापडणे किती कठीण असते, ते आपल्या शेजारच्या झाबुआ, आलीराजपूर आणि धार जिल्ह्यांनी दाखवून दिले. पाऊस दगा देई तेव्हा तेथील भिल्ल-भिलाला कुटुंबे सीमा ओलांडून गुजरातमधील गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. काही महिन्यांचे काम, आणि नावगाव कोठेही नोंदलेले नाही. गावी परतल्यावर तरणीताठी माणसे धाप लागून मरू लागली. इंदूरमधील कार्यकर्त्यांनी आणि सिलिकोसिस पीडित संघाने गावोगावच्या मृतांच्या आणि रुग्णांच्या याद्या केल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. गुजरात शासनाने ही रक्कम द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला तो मे २०१६ मध्ये. मधली वर्षे मोजा. आपल्या भाषेत 'धूळ खात पडणे' असा एक वाक्प्रचार आहे. येथे कागद धूळ खात होते आणि ज्यांच्याविषयी ते कागद होते, त्यांनी ती आधीच खाल्ली होती.

म्हणून मला लडाखचे संशोधन केवळ एका दूरच्या प्रदेशाचे कुतूहल वाटत नाही. मालक सापडल्याखेरीज दुःखाची नोंद करावयाची नाही, ही आपली जी सवय आहे, तिला त्या ४४९ लोकांच्या तपासणीने धक्का दिला. प्रथम छाती पाहा, मग कायद्याचे कलम शोधा, असा क्रम तिने शिकविला.

आपल्या अंगणातली धूळ

आज जगभर या विषयाकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. सहाराची धूळ समुद्र ओलांडून येते त्या दिवसांत बार्सिलोनासारख्या शहरात मृत्यूंचे प्रमाण वाढते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या हवाविषयक मार्गदर्शक सूचनांत वाळूच्या व धुळीच्या वादळांचा स्वतंत्र विचार केला. १२ जुलै हा दिवस अशा वादळांशी लढण्याचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ साली ठरविला.

आपला माळवा वाळवंट नव्हे. येथील काळी माती आणि 'शब-ए-मालवा' म्हणून गाजलेल्या गार रात्री यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तरीही वैशाख-ज्येष्ठात पश्चिमेचा वारा सुटला, की थरच्या बाजूची धूळ आकाश पिवळट करून जाते, हे आपण लहानपणापासून पाहात आलो. लडाखइतका धोका येथे आहे असे मी म्हणत नाही. वर्षातून चार दिवसांचा धुरळा आणि आयुष्यभराची वादळे यांत अंतर आहे. परंतु दगड फोडणारा, फरशी कापणारा, जुनी इमारत पाडणारा मजूर आपल्याच गल्लीत असतो, आणि त्याच्यासाठी बाराही महिने वैशाखच असतो. इंदूर २०१७पासून स्वच्छतेच्या स्पर्धेत ओळीने पहिले येत गेले. रात्री यंत्राने झाडलेले रस्ते पाहून मलाही बरे वाटते. त्या स्वच्छ रस्त्याच्या कडेला कोरड्या यंत्राने फरशी कापणाऱ्या मुलाच्या तोंडावर फडके आहे की नाही आणि करवतीवर पाण्याची धार सोडली आहे की नाही, एवढे पाहिले तर ती स्वच्छता पुरी होईल. पाण्याची धार ही काही महाग वस्तू नाही.

गुरुजींची एक सवय येथे जमलेल्या पुष्कळ माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. ते कोरड्या हाताने पाटी पुसू देत नसत. 'ओले फडके घ्या,' असे सांगत, आणि कुणी विसरले तर स्वतःच्या तांब्यातले पाणी देत. आम्हांला ती टापटीप वाटे. मंदसौरच्या त्या करवतीपाशी कुणी एवढेच सांगितले असते, कोरडे कापू नका, ओले करून घ्या, तर कितीतरी माणसे आपल्या नातवंडांना त्या पेन्सिलीने 'श्री' काढावयास शिकवीपर्यंत जगली असती.

त्या अनाम कामगारांनी कापलेल्या पेन्सिलीने मी अक्षर शिकलो. त्या अक्षरावर पुढे नोकरी केली, पदवी मिळविली, आज येथे उभा राहिलो. हे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग माझ्यापाशी नाही. ते आपणां सर्वांच्या साक्षीने उच्चारावे, आणि गुरुजींच्या स्मृतीशेजारी त्यांचीही स्मृती ठेवावी, एवढेच माझ्या हाती आहे.